हॉर्मोनच्या गोळीने कॅन्सरच्या पेशी मरतात की नुसत्या झोपतात?

तुमचा प्रश्न असा की आईचा ब्रेस्ट कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह आहे (म्हणजे त्याच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हॉर्मोनला पकडणारं प्रोटीन, इस्ट्रोजेन रिसेप्टर, आहे), ऑपरेशन आणि केमो झालं, आता रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी चालू झालीये, तर ही गोळी उरल्यासुरल्या पेशी मारते का, मारत असेल तर मग पाच-पाच दहा-दहा वर्षं कशाला घ्यायची, आणि दुसरीकडे तुम्ही कुठेतरी वाचलंय की पूर्वी याच कॅन्सरवर इस्ट्रोजेन द्यायचे, तर हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, आणि तसं असेल तर मेनोपॉजच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन घेतलं तर काय बिघडलं. प्रश्न रास्त आहे आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही याचं उत्तर नीट जुळवून सांगता येत नाही कारण शिकवतानाच "इस्ट्रोजेन म्हणजे कॅन्सरचं खाद्य" एवढंच शिकवलं जातं आणि तिथे विषय संपतो.

आधी सरळ उत्तर देतो मग खोलात जाऊ. गोळी मुख्यतः पेशींचं विभाजन थांबवते, मारते त्या मानाने कमी. म्हणूनच ती वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. आणि इस्ट्रोजेनने कॅन्सरच्या पेशी मरतात हेही खरंय, पण फक्त अशा पेशी ज्या बराच काळ इस्ट्रोजेनशिवाय जगायला शिकल्यात. म्हणजे हॉर्मोन तेच, रिसेप्टर तोच, पण पेशीला आधी कशाची सवय लागलेली आहे त्यावर ती जगणार की मरणार ते ठरतं. बाकी सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

गाठ मोठी होते किंवा लहान होते तेव्हा आत दोन हिशेब चालू असतात, नवीन पेशी किती तयार होतायत आणि जुन्या किती मरतायत, गावाच्या लोकसंख्येसारखंच. जन्म कमी झाले आणि मृत्यू आधीएवढेच राहिले तरी गाव हळूहळू ओस पडतंच. त्यामुळे गाठ लहान झाली म्हणजे औषधाने पेशी मारल्या असं लगेच म्हणता येत नाही, आणि हा फरक न केल्यामुळे इंटरनेटवर निम्मा गोंधळ झालेला आहे. पेशी मरायचे प्रकारही बरेच आहेत पण इथे आपण ज्याबद्दल बोलतोय ते म्हणजे अपॉप्टोसिस, पेशीने स्वतःच स्वतःला शिस्तीत संपवणं. हे नाव १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी दिलं. यात पेशी आकसते, आतला डीएनए तुकडे होऊन तुटतो, पेशीच्या छोट्या छोट्या पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात, सूज नाही दाह नाही, कुठे काही घडल्याचा मागमूस राहत नाही.

हे काही कॅन्सरपुरतं नाहीये. निरोगी स्तनात दर महिन्याला हे होतच असतं. एडिनबरोच्या फर्ग्युसन आणि अँडरसन यांनी १९८१ मध्ये पाळीच्या चक्रातल्या वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासले तर दिसलं की पेशींचं विभाजन साधारण २५ व्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि पेशी मरण्याचं प्रमाण २८ व्या दिवशी, म्हणजे पाळी यायच्या बेताला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन चढलेले असतात तेव्हा स्तनातल्या पेशी वाढतात, दोन्ही खाली आले की जादा पेशी मरून जातात. बाळाचं दूध तोडल्यावर तर हे फारच मोठ्या प्रमाणात होतं, दूध बनवणारी जवळजवळ सगळी यंत्रणा मोडून टाकली जाते, उंदरांमध्ये तर काही दिवसांत. म्हणजे हॉर्मोन आहे तोपर्यंत जगायचं आणि गेलं की मरायचं हा नियम स्तनाच्या पेशीत मुळातच लिहिलेला आहे, कॅन्सरने तो शोधून काढलेला नाही, कॅन्सरने फक्त त्याचा दुसरा भाग ढिला केला.

आता इस्ट्रोजेन पेशीला वाचवतं ते नेमकं कसं. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, रिसेप्टरला चिकटतं आणि ही जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि काही जीन चालू करते काही बंद करते. हा रिसेप्टर आहे हे शिकागोच्या एलवूड जेन्सननी १९५० च्या दशकाच्या शेवटी रेडिओॲक्टिव्ह इस्ट्रोजेन वापरून दाखवलं, तोपर्यंत लोकांना वाटायचं की इस्ट्रोजेन एखाद्या एन्झाइमच्या रासायनिक प्रक्रियेत वापरलं जात असेल. ब्रेस्ट कॅन्सरपैकी साधारण ७० ते ७५ टक्के कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर असतो. चालू होणाऱ्या जीनमध्ये विभाजनाला ढकलणारे सायक्लिन डी१ आणि मिक आहेत हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याच यादीत बीसीएल-२ पण आहे आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचा तोच.

बीसीएल-२ हे पेशीला मरण्यापासून अडवणारं प्रोटीन. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियावर बॅक्स आणि बॅक नावाची दोन प्रोटीन भोकं पाडायला टपलेली असतात, भोकं पडली की आतलं सायटोक्रोम सी बाहेर येतं, त्याने कॅस्पेज नावाचे एन्झाइम चालू होतात आणि मग पेशीचं काही खरं नसतं. बीसीएल-२ आणि त्याची भावंडं बॅक्स-बॅकला धरून ठेवतात. त्यांची पकड सोडवायला बिम, बिक, बॅड अशी तिसरी मंडळी असतात. इस्ट्रोजेन या तिन्ही ठिकाणी हात घालतं बघा, बीसीएल-२ वाढवतं, बिक दाबून ठेवतं, आणि डीएनएकडे न जाता थेट पीआय३ किनेज-एकेटी या पेशीतल्या जगण्याचा निरोप पोचवणाऱ्या मार्गाने बॅडवर फॉस्फेट चढवून त्याला निकामी करतं. फुल्वेस्ट्रंट नावाचं इंजेक्शन रिसेप्टरच नष्ट करतं तेव्हा लॅबमधल्या पेशींमध्ये बिक वर येताना दिसतं, म्हणजे दाबणारा हात काढला की ते लगेच उसळतं.

एक गंमत इथेच सांगतो, पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये बीसीएल-२ पॉझिटिव्ह दिसलं की लोक घाबरतात, मरण टाळणारं प्रोटीन जास्त म्हणजे वाईट असणार. प्रत्यक्षात ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बीसीएल-२ पॉझिटिव्ह पेशंटचं पुढचं चित्र सरासरीने चांगलं असतं. कारण बीसीएल-२ आहे याचा अर्थ इस्ट्रोजेन रिसेप्टर नुसता दिसत नाहीये तर काम करतोय, आणि काम करणारा रिसेप्टर म्हणजे हॉर्मोनचा उपचार लागू पडायची शक्यता जास्त.

हॉर्मोन काढून घेतलं तर काय होतं हे मात्र रिसेप्टर वगैरे कळायच्या फार आधी समजलं होतं. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या तरुण बाईंच्या ओव्हरी काढल्या आणि गाठी विरघळत गेल्या, हे त्यांनी १८९६ मध्ये छापलं. तेव्हा इस्ट्रोजेन सापडलेलंही नव्हतं. पुढे कळलं की हा उपाय साधारण तीनातल्या एकीलाच लागू पडतो, आणि बाकीच्या दोघींना का नाही याचं उत्तर जेन्सनच्या रिसेप्टरमुळे मिळालं, त्याला साठ-सत्तर वर्षं लागली.

आता तुमच्या आईची गोळी. टॅमॉक्सिफेन आयसीआय कंपनीने १९६० च्या दशकात गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं आणि बायकांमध्ये ते त्या कामासाठी साफ उलटं निघालं, ओव्ह्युलेशन थांबवायच्या ऐवजी सुरू करायचं. कॅन्सरमधला पहिला रिपोर्ट मँचेस्टरमधून १९७१ मध्ये आला, अमेरिकेत १९७७ ला परवानगी मिळाली. ते रिसेप्टरच्या खाचेत इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतं आणि रिसेप्टरला अशा आकारात अडकवून ठेवतं की स्तनात तो जीन चालू करू शकत नाही. अनास्ट्रोझोल, लेट्रोझोल ही अरोमाटेज इनहिबिटर मंडळी वेगळ्या वाटेने जातात, ती इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत, मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत वगैरे अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे बनतं तेच बंद करतात.

मग पेशी मरतात का? हे बघायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ऑपरेशनच्या आधी काही आठवडे गोळी देऊन गाठीचा तुकडा आधी आणि नंतर तपासणं. इम्पॅक्ट नावाच्या ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये हेच केलं. विभाजन मोजायचं मार्कर म्हणजे केआय-६७, ते दोन आठवड्यांत अनास्ट्रोझोलने ७६ टक्क्यांनी खाली आलं आणि टॅमॉक्सिफेनने साधारण ६० टक्क्यांनी. प्रचंड घट आहे ही, तीही पंधरा दिवसांत. पण त्याच गाठींमधला अपॉप्टोसिसचा आकडा त्या मानाने फारसा हलला नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, मला बसत नाही, कारण गाठ लहान व्हायला मृत्यू वाढायलाच हवेत असं नाही, जन्म थांबले तरी पुरतं, आणि हॉर्मोनच्या गोळ्यांनी गाठ केमोपेक्षा हळू, महिने महिने घेत लहान होते त्याचं कारण बहुतेक हेच.

तुम्ही गुगल केलंत तर "टॅमॉक्सिफेन इंड्यूसेस अपॉप्टोसिस" असे ढीगभर पेपर मिळतील आणि तुम्हाला वाटेल हा माणूस काहीतरी भलतंच सांगतोय. त्या पेपरमध्ये डोस काय वापरलाय ते बघा. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईच्या रक्तात टॅमॉक्सिफेन अर्ध्या मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि लॅबमध्ये पाच-दहा मायक्रोमोलर ओतलं जातं. एवढ्या डोसला ज्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरच नाहीये त्या पण मरतात, म्हणजे तो परिणाम हॉर्मोनचा नाहीच, ते साधं विष झालं. दुसरं म्हणजे यातलं निम्म्याहून जास्त काम एमसीएफ-७ नावाच्या एकाच सेल लाइनवर (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या एकाच पेशंटच्या कॅन्सरच्या पेशींवर) झालेलं आहे, १९७३ मध्ये मिशिगन कॅन्सर फाउंडेशनच्या लोकांनी ती जगापुढे आणली, आणि या पेशींमध्ये कॅस्पेज-३ हा पेशी मारणारा मुख्य एन्झाइमच नाहीये, त्याचा जीनच तुटलेला आहे, हे १९९८ ला कळलं. तोपर्यंत पंचवीस वर्षं लोक अपॉप्टोसिसचा अभ्यास अशा पेशींवर करत होते ज्यांच्याकडे त्याचं मुख्य हत्यार नाही. मरतात त्या पेशीही, कॅस्पेज-७ वगैरेने काम भागवतात, पण मरताना वेगळ्या दिसतात आणि काही नेहमीच्या टेस्ट त्यांच्यात नीट लागत नाहीत. म्हणून मी नेहमी म्हणतो पेशंटच्या गाठीतला आकडा आणि बशीतला आकडा यात वाद झाला तर गाठीवर विश्वास ठेवा.

पेशी झोपतात मरत नाहीत याचा परिणाम तुम्हाला पाच वर्षांच्या हिशेबात दिसतो. ऑपरेशनच्या वेळी ज्या एकट्यादुकट्या पेशी हाडात, लिव्हरमध्ये जाऊन बसलेल्या असतील त्या गोळी चालू आहे तोपर्यंत विभाजन न करता पडून राहतात, त्यातल्या काही हळूहळू मरतात, काही नाही. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ईआर पॉझिटिव्ह पेशंटमध्ये पंधरा वर्षांतले ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात, आणि त्यातला बराच फायदा गोळी बंद झाल्यानंतरच्या वर्षांतला आहे. म्हणजे नुसतं झोपवलं असतं तर गोळी बंद केल्या केल्या सगळ्या उठल्या असत्या, तसं होत नाही, पाच वर्षांत बऱ्याच पेशी खरंच संपतात. पण सगळ्या नाही. २०१७ मध्ये ६० हजारांहून जास्त बायकांचा डेटा एकत्र करून बघितलं, या सगळ्या पाच वर्षांची गोळी पूर्ण करून कॅन्सरमुक्त होत्या, तरी पाचव्या ते विसाव्या वर्षात दूरच्या अवयवात कॅन्सर परत यायचं प्रमाण लहान गाठ आणि काखेतल्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर नसलेल्यांमध्ये १३ टक्के, तर मोठी गाठ आणि काखेतल्या ४ ते ९ लिम्फ नोडमध्ये कॅन्सर असलेल्यांमध्ये ४१ टक्के होतं. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे हे प्रमाण वर्षामागून वर्ष जवळजवळ सारख्या गतीने वाढत राहतं, कुठे सपाट होत नाही. दहा वर्षं टॅमॉक्सिफेन पाच वर्षांपेक्षा सरस ठरलं हे २०१३ मध्ये ॲटलस ट्रायलने दाखवलं ते याच पार्श्वभूमीवर. आईला पाच की दहा हे त्यांचा स्टेज, वय, पाळी गेलीये का, गर्भाशयाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका किती हे सगळं बघून त्यांचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील, इथे बसून मी ते सांगू शकत नाही. एवढं मात्र सांगतो की "आता दोन वर्षं झाली, रिपोर्ट नॉर्मल आहेत, गोळी सोडते" हे मी ओपीडीत फार वेळा ऐकतो, आणि नॉर्मल रिपोर्टचा आणि झोपलेल्या पेशींचा काही संबंध नसतो, त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

याच तर्काने अजून एक प्रश्न सुटतो, केमो चालू असताना टॅमॉक्सिफेन का दिलं नाही. केमो विभाजन करणाऱ्या पेशींना जास्त मारतं. झोपवून ठेवलेल्या पेशी केमोला कमी बळी पडतील अशी भीती होतीच, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये आधी केमो मग टॅमॉक्सिफेन हा क्रम दोन्ही एकत्र देण्यापेक्षा बरा दिसला, फरक फार ठाम नव्हता पण दिशा तीच होती, म्हणून आता तोच क्रम पाळतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला स्वतःला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडतो. इस्ट्रोजेन देऊन उपचार. १९४४ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर हॅडो यांनी स्टिलबेस्ट्रॉलसारखी कृत्रिम इस्ट्रोजेन जास्त डोसमध्ये देऊन पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी लहान झाल्याचं छापलं. कुठल्या बायकांमध्ये हे चालायचं? वयस्क बायकांमध्ये, आणि मेनोपॉज होऊन जितकी जास्त वर्षं झाली तितकं जास्त. पाळी चालू असलेल्या किंवा नुकतीच गेलेल्या बायकांमध्ये नाही. हे निरीक्षण नीट लक्षात ठेवा. पुढची तीसेक वर्षं हाच मेनोपॉजनंतरच्या बायकांचा नेहमीचा हॉर्मोन उपचार होता. १९८१ मध्ये स्टिलबेस्ट्रॉल आणि टॅमॉक्सिफेन समोरासमोर ठेवले तेव्हा ४१ टक्के विरुद्ध ३३ टक्के असा रिस्पॉन्स आला, म्हणजे टॅमॉक्सिफेन काही जास्त प्रभावी म्हणून जिंकलं नाही, उलट्या, सूज, हार्टचा त्रास हे सगळं कमी म्हणून जिंकलं. बरा करायचे असं मात्र नाही बरं का, तुम्ही वाचलेल्यात तसं लिहिलं असेल तर ते चूक आहे, पसरलेला कॅन्सर काही काळ आटोक्यात यायचा.

हे का चालतं याचा धागा सापडला तो क्रेग जॉर्डन यांच्या लॅबमध्ये १९९० च्या दशकात. त्यांनी माणसाच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी उंदरांत वाढवल्या आणि एका उंदरातून दुसऱ्यात असं करत वर्षानुवर्षं टॅमॉक्सिफेनमध्येच ठेवल्या. सुरुवातीला त्या दबल्या, मग टॅमॉक्सिफेनला जुमानेनाशा झाल्या, मग तर टॅमॉक्सिफेनवरच वाढायला लागल्या. आणि पाचेक वर्षांनी त्या गाठींना साधं शरीरात असतं तेवढंच इस्ट्रोजेन दिलं तर वाढायच्या ऐवजी त्या विरघळल्या. दुसरीकडे रिचर्ड सँटेन यांनी एमसीएफ-७ पेशी इस्ट्रोजेन काढून टाकलेल्या द्रवात महिनोन्महिने वाढवल्या तर त्याही तशाच झाल्या, आधी उपाशी राहून अर्धमेल्या, मग कमी इस्ट्रोजेनवर भागवायला शिकल्या, आणि मग जास्त दिलं की मरायला लागल्या.

आत काय घडतं ते बऱ्यापैकी उलगडलंय. उपाशी राहिलेली पेशी जगण्यासाठी पर्यायी मार्ग फुल्ल चालू करते, ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर, एसआरसी, एकेटी हे वाढीचे निरोप पोचवणारे एन्झाइम, सगळं, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर तर नेहमीपेक्षा जास्त बनवून ठेवते, जेवढं मिळेल तेवढं पकडायला. अशा पेशीत अचानक भरपूर इस्ट्रोजेन आलं की शेकडो जीन एकदम चालू होतात, प्रोटीन बनवायची यंत्रणा तुंबते, नीट घडी न पडलेल्या प्रोटीनचा ढीग एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीनच्या कारखान्यात, साचतो. त्या साचण्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर असतात, त्यातला पर्क नावाचा सेन्सर आधी प्रोटीन बनवणं थांबवून पेशीला वाचवायला बघतो, पण ताण संपतच नाही म्हटल्यावर तोच पेशीला मरणाच्या वाटेला लावतो. बिम वर येतं, बॅक्स वर येतं, मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात. काही पेशींमध्ये फास नावाचा पेशीच्या बाहेरच्या बाजूचा मृत्यूचा स्विचही चालू होतो. लॅबमध्ये पर्क अडवलं तर या पेशी इस्ट्रोजेन देऊनही मरत नाहीत, एसआरसी अडवलं तरी मरत नाहीत, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तरी मरत नाहीत, म्हणजे मार्ग नक्की कुठून जातो ते कळतं. आणि हे मरण लगेचचं नसतं, केमोने पेशी एक-दोन दिवसांत मरते, इथे पहिले काही दिवस पेशी उलट वाढायला लागल्यासारखी दिसते आणि मग आठवड्याभराने, एका सेल लाइनमध्ये तर दोन आठवड्यांनी, कोसळते.

आता हॅडोचं निरीक्षण परत आठवा. मेनोपॉज होऊन बरीच वर्षं झालेली बाई म्हणजे काय, तिच्या गाठीतल्या पेशी इस्ट्रोजेनच्या दुष्काळातच वाढलेल्या. लॅबमध्ये मुद्दाम केलं ते तिच्या शरीराने आपोआप केलेलं असतं.

हे पेशंटमध्ये तपासून बघितलंय का, तर हो. मॅथ्यू एलिस यांच्या गटाने २००९ मध्ये अरोमाटेज इनहिबिटरला दाद न देणाऱ्या पसरलेल्या कॅन्सरच्या ६६ पेशंटना इस्ट्राडिओलच्या गोळ्या दिल्या, अर्ध्यांना रोज ६ मिलिग्रॅम, अर्ध्यांना ३०. फायदा दोन्हीकडे सारखाच, २८-२९ टक्क्यांना, आणि कमी डोसवर साइड इफेक्ट बरेच कमी. त्यातल्या काहींचा कॅन्सर पुढे इस्ट्रोजेनवर वाढायला लागल्यावर त्यांना परत अरोमाटेज इनहिबिटर दिलं तर काही जणींना ते परत लागू पडलं. म्हणजे सवय बदलली की पेशीचं मर्मस्थानही बदलतं. हा उपाय रोजच्या प्रॅक्टिसमध्ये फार वापरला जात नाही, सगळे दुसरे पर्याय संपल्यावर क्वचित, आणि तुमच्या आईच्या आजच्या परिस्थितीत तर याचा काही संबंधच नाही. त्यांच्या पेशींना अजून इस्ट्रोजेनची सवय आहे, त्यांना इस्ट्रोजेन म्हणजे खतपाणीच.

बाकी हॉर्मोनबद्दल थोडक्यात. प्रोजेस्टेरॉनबद्दल लोक हमखास गोंधळतात आणि त्यांचा दोष नाही, कारण ते डोसप्रमाणे आणि कोणाबरोबर आलंय त्याप्रमाणे वागतं. निरोगी स्तनात ते रँक लायगंड नावाच्या निरोप्यामार्फत शेजारच्या पेशींना वाढायला लावतं, पण मेजेस्ट्रॉलसारखी प्रोजेस्टेरॉनची औषधं जास्त डोसमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारातही वापरली गेलीत. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हे त्याच एकेटी मार्गाने पेशीला जगवतात ज्याने इस्ट्रोजेन जगवतं, म्हणून इस्ट्रोजेन बंद केल्यावर पेशी पळवाट शोधते ती बहुतेक याच बाजूची असते. आणि स्टेरॉइड, म्हणजे केमोच्या आधी देतात ते डेक्सामेथासोन, लॅबमध्ये ईआर निगेटिव्ह पेशींना केमोने मरण्यापासून काही अंशी वाचवताना दिसलंय. हे वाचून कृपया कोणी केमोच्या आधीचं स्टेरॉइड बंद करायला सांगू नका, उलट्या आणि ॲलर्जीची रिॲक्शन थांबवायला दिलेला तो छोटा डोस आहे आणि त्याशिवाय काही केमो देताच येत नाही.

मग डॉक्टर लोक झोपलेल्या पेशी सरळ मारून का टाकत नाहीत, हा पुढचा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. प्रयत्न झालाय. इस्ट्रोजेन बीसीएल-२ वाढवतं म्हटल्यावर बीसीएल-२ अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स, जे ब्लड कॅन्सरमध्ये उत्तम चालतं, ते टॅमॉक्सिफेनबरोबर देऊन बघितलं आणि सुरुवातीचे निकाल छान आले. मग फुल्वेस्ट्रंटबरोबर थोडी मोठी ट्रायल केली व्हेरोनिका नावाची, त्यात सीडीके ४/६ इनहिबिटर (पेशीचं विभाजन अडवणाऱ्या गोळ्या) घेऊन झालेल्या पेशंटना काही फायदा दिसला नाही. एक शक्यता अशी की एमसीएल-१ सारखी बीसीएल-२ ची भावंडं त्याचं काम उचलून घेतात, एकाला बांधलं तर दुसरा उभा. आता जे सगळ्यात जास्त वापरतो ते सीडीके ४/६ इनहिबिटर, म्हणजे पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब, यांचंही मुख्य काम विभाजन थांबवणं हेच आहे, मारणं नाही, म्हणजे झोप अजून गाढ केली इतकंच. फायदा मात्र खरा आणि मोठा आहे. वर्षानुवर्षं अरोमाटेज इनहिबिटर घेतल्यावर काही पेशी ईएसआर१ या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जीनमध्ये म्युटेशन करून रिसेप्टरच असा बनवतात की इस्ट्रोजेन नसलं तरी तो चालूच राहतो, त्यासाठी एलासेस्ट्रंट नावाची रिसेप्टर नष्ट करणारी गोळी अमेरिकेत २०२३ ला मंजूर झाली. म्हणून कॅन्सर परत आला तर शक्य असेल तिथे नवीन बायोप्सी किंवा रक्तातला डीएनए तपासायचा आग्रह धरावा, दहा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर औषध ठरवू नये, मधल्या काळात रिसेप्टर बदललेला असू शकतो.

शेवटी एचआरटीचं, म्हणजे मेनोपॉजच्या त्रासासाठी बाहेरून हॉर्मोन घेण्याचं, कारण तुम्ही विचारलंय की इस्ट्रोजेनने पेशी मरत असतील तर मेनोपॉजच्या त्रासासाठी ते घेतलं तर काय बिघडलं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या ट्रायलमध्ये दोन गट होते, ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं त्यांना नुसतं इस्ट्रोजेन, ज्यांचं होतं त्यांना इस्ट्रोजेन अधिक कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, आणि प्रत्येकाच्या जोडीला नुसती साखरेची गोळी घेणारा गट. वीसेक वर्षांचा हिशेब २०२० मध्ये आला, नुसत्या इस्ट्रोजेनवाल्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर २२ टक्क्यांनी कमी आणि त्याने होणारे मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, तर दोन्ही घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त. या बायकांचं सरासरी वय सुरुवातीलाच साठीच्या पुढे होतं, बऱ्याच जणींचा मेनोपॉज होऊन दहाएक वर्षं झालेली, आणि जॉर्डनसारख्या लोकांनी याचा अर्थ असाच लावला की दुष्काळात वाढलेल्या बारीक बारीक गाठी इस्ट्रोजेनने मेल्या आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉनने, ज्यात स्टेरॉइडसारखा गुण थोडा असतो, ते मरण अडवलं. मला हा अर्थ पटतो, सगळ्यांना पटत नाही. पण ही झाली कॅन्सर न झालेल्या बायकांची गोष्ट. ज्यांना होऊन गेलाय अशांना एचआरटी देऊन बघणारी हॅबिट्स नावाची स्वीडनमध्ये सुरू झालेली ट्रायल अर्ध्यावर बंद करावी लागली, कारण घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत यायचं किंवा नवीन व्हायचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यामुळे आईला हॉट फ्लशेसचा त्रास होत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा, व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनबरोबर टाळतात कारण लिव्हरमधला जो एन्झाइम टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन करतो तोच ती अडवतात, आधीपासून यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना बदलून द्यायला सांगा.